कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण स्वीकारण्यापूर्वी : कोल्हापुरातील नव्या वकिलांसाठी

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात पुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांतील बऱ्याचशा पहिल्या भेटीतच आपल्यासमोर बसलेल्या असतात. आपण त्या विचारलेल्या नसतात, एवढेच. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात किंवा तालुक्याच्या कोर्टात नुकतीच वकिली सुरू केलेल्या, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आलेल्या किंवा विधी स्वयंसेवक म्हणून काम करू लागलेल्या मंडळींसाठी हा लेख लिहीत आहे. मूल्यमापन म्हणजे समोरची बाई खरे बोलते की खोटे याचा निवाडा करणे, असा समज सुरुवातीला माझाही होता. तो निवाडा न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायचा आहे. आपण पाहायचे ते असे की ती आज सुरक्षित आहे का, तिला नेमके काय हवे आहे, कायदा त्यातले काय देऊ शकतो आणि ते मिळवून देण्यास आपण योग्य व मोकळे आहोत का.

या मातीला हा विषय नवा नाही. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. देशपातळीवर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम झाला तो २००५ साली, आणि तो अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून.

आधी नावे, मग हकीकत

हकीकत ऐकण्यापूर्वी नवऱ्याचे, सासरच्या प्रमुख मंडळींचे आणि गावाचे नाव विचारून घ्यावे आणि आपण किंवा आपल्या कार्यालयातील कोणी त्यांचे काम केले आहे का, हे पाहावे. आपल्याकडे एकेका गावाची वाटपाची, कुळकायद्याची आणि सोसायटीची कामे वर्षानुवर्षे ठरावीक वकिलांकडेच असतात. ज्या सासऱ्याच्या वाटपाच्या दाव्यात आपल्या सीनिअरांनी वकीलपत्र दाखल केले, त्याच्याच सुनेचा अर्ज आपण चालवू शकत नाही. आणि तिने विश्वासाने सर्व सांगून झाल्यावर हे लक्षात आले, तर आपण दोन्हीकडे अडकतो. अशा वेळी तिला स्पष्ट सांगावे, दुसऱ्या वकिलाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचवावे आणि तिने जे काही सांगितले असेल ते कोठेही उच्चारू नये.

तिच्याशी एकटीशी बोलणे

बहुधा ती एकटी येत नाही. सोबत भाऊ, वडील, मामा किंवा गावातील एखादे कार्यकर्ते असतात आणि बोलतात तेच. एकदा माझ्या कार्यालयात भावाने वीस मिनिटे हकीकत सांगितली. लग्नात किती खर्च झाला, मानपानावरून काय बिनसले, पाहुण्यांच्या बैठकीत कोण काय म्हणाले, हे सगळे त्यात आले. बहीण मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती. मी भावाला कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली पाठवले आणि तिला म्हटले, "ताई, आता तुम्ही सांगा." ती म्हणाली, "मॅडम, मला केस नको. माझी शिलाई मशीन आणि पोरगं तेवढं आणून द्या."

भावाला हवा होता गुन्हा आणि घटस्फोट. तिला हवे होते मूल आणि उपजीविकेचे साधन. दोघांचेही म्हणणे लिहून घ्यावे, पण वेगवेगळ्या कागदावर, आणि पक्षकार ती आहे हे विसरू नये. माहेरच्यांचा आधार हीही मोलाची गोष्ट असते, म्हणून त्यांना दुखावण्याचे कारण नाही; कामाला लावून बाजूला करावे.

प्रश्न विचारताना "तुमचा छळ होतो का?" असे विचारू नये, कारण छळ या शब्दाची प्रत्येकीची व्याख्या निराळी असते. ज्या बाईला दर आठवड्याला मार बसतो, तीही कधी कधी "तसा छळ नाही, दारू पिल्यावरच" असे उत्तर देते. त्याऐवजी पहिला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, असे तीन प्रसंग सांगायला सांगावे. तारीख आठवत नसेल तर ती सणावरून, जत्रेवरून, उसाच्या तोडीवरून किंवा मुलाच्या शाळेच्या वर्गावरून काढता येते. लैंगिक हिंसेचा प्रश्न पहिल्याच भेटीत रेटू नये. मात्र कायद्याने तोही हिंसाचारच मानला आहे आणि जेव्हा सांगावेसे वाटेल तेव्हा सांगता येईल, एवढे तिच्या कानावर घालून ठेवावे.

आज रात्रीचा प्रश्न

अर्जाचा मसुदा डोक्यात सुरू होण्याआधी, ही बाई आज रात्री कोठे झोपणार आहे, हे विचारावे. धोका वाढल्याच्या काही खुणा जगभरच्या अनुभवाने पक्क्या झाल्या आहेत. पूर्वी कधी गळा दाबला असेल, जिवे मारण्याची धमकी असेल, हत्यार उगारले असेल, गरोदरपणात मारहाण झाली असेल, नवरा पाळत ठेवत असेल किंवा मारहाणीतले अंतर कमी होत चालले असेल, तर प्रकरण साधे समजू नये. यांत गळा दाबल्याचा उल्लेख सर्वांत गंभीर मानावा, जरी अंगावर वळ दिसत नसला तरी. हत्याराचा प्रश्न विचारताना आपल्या भागाचे भान ठेवावे: शेतकऱ्याच्या घरात कोयता आणि कीटकनाशकाची बाटली असतेच, म्हणून "हत्यार आहे का?" याला "नाही" असेच उत्तर येते. "कोयता कधी हातात घेतला होता का?" असे विचारले की उत्तर बदलते.

घर सोडण्याच्या सुमारास आणि कोर्टाची नोटीस बजावली जाते त्या सुमारास धोका वाढतो, हे नव्या वकिलांनी विशेष ध्यानात घ्यावे. ती अजून सासरीच राहत असेल आणि आपण घाईने अर्ज दाखल केला, तर नोटीस तिच्याच उंबऱ्यावर येते. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशाची मागणी प्रतिज्ञापत्रासह पहिल्याच दिवशी करावी आणि नोटीस पोहोचेल त्या दिवशी ती कोठे असेल, हे आधी ठरवावे. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे क्रमांक तिला तोंडपाठ करायला लावावेत. चिठ्ठीवर लिहून दिले तर ती चिठ्ठी कोणाच्या तरी हाती पडते.

तिच्याशी संपर्क कसा करायचा, हाही याच पायरीचा भाग आहे. फोन कोणाच्या नावावर आहे, तो आणखी कोण हाताळते, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर उघडलेले आहे का आणि कोणत्या वेळी ती मोकळेपणाने बोलू शकते, हे विचारल्याशिवाय तिला एकही संदेश पाठवू नये. "उद्या तारीख आहे" एवढा तीन शब्दांचा निरोपही मार खायला पुरेसा होतो. तसेच ती नवऱ्यापासून लपून राहत असेल, तर अर्जात लिहिलेला पत्ता नोटिशीबरोबर त्याच्या हाती जातो, हे मसुदा करताना विसरू नये.

कायद्याच्या चौकटीत बसते का

ही पायरी नवोदितांना सर्वांत अवघड वाटते; प्रत्यक्षात ती बरीच सोपी आहे. घरगुती नाते आणि सामायिक घर या दोन गोष्टी तपासायच्या. नाते फक्त बायकोचेच असावे लागते असे नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि विवाहासारख्या नात्यात राहिलेली स्त्रीही या कायद्याखाली अर्ज करू शकते, आणि तिचा धर्म आड येत नाही. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांचा समावेश आहे. शिलाई मशीन अडवून ठेवणे हा आर्थिक हिंसाचार आहे.

"घर सासूबाईंच्या नावावर आहे, मग मला काय हक्क?" हा प्रश्न हमखास येतो. सतीश चंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले की ती जेथे घरगुती नात्याने राहिली, ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी सामायिक घर ठरू शकते. सासूच्या मालकीचे घर सामायिक घर नव्हे, असे मानणाऱ्या २००६ च्या बात्रा निकालाचा जुना दाखला समोरून आला, तर तो टिकत नाही, हे ठाऊक असावे. विधवांच्या बाबतीत २०२२ चा प्रभा त्यागी निकाल वाचून ठेवावा. पती वारल्यानंतर सासरच्यांविरुद्ध अर्ज करणाऱ्या स्त्रीचेच ते प्रकरण होते, आणि संरक्षण अधिकाऱ्याचा, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा, कौटुंबिक घटना अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हेही त्यात ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. कुंकू आणि बांगड्या राखता आल्या, पण घराचा उंबरा राखता आला नाही, अशा बायका आजही येतात. त्यांना ठरावाइतकीच कलम १७ (घरात राहण्याचा हक्क) आणि १९ (निवासाचा आदेश) ची गरज आहे.

मुदतीचा गैरसमजही येथेच दूर करावा. कलम १२ च्या, म्हणजे या कायद्याखालील मूळ अर्जाला फौजदारी तक्रारीची मुदत लागू होत नाही, हे कामाक्षी प्रकरणात २०२२ साली ठरले आहे. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ खाली, गुन्हा नोंदवायचा असेल तर शेवटच्या प्रसंगाची तारीख महत्त्वाची आहे, कारण तेथे तीन वर्षांच्या मुदतीचा प्रश्न उभा राहतो.

हद्दीचा विचार आपल्या जिल्ह्यात वरचेवर करावा लागतो. कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या मुली निपाणी, चिकोडी, बेळगावकडे दिलेल्या असतात. सासर कर्नाटकात असले तरी ती तात्पुरती माहेरी राहत असेल, तर कलम २७ प्रमाणे माहेरच्या तालुक्यातील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. फक्त तिकडचे जमिनीचे उतारे आणि दवाखान्याचे कागद कन्नडमध्ये असतात, त्यांच्या भाषांतराची सोय आधी करावी.

"आमची स्टॅम्पवर फारकत झालीय" असे कोणी सांगितले, तर तो स्टॅम्प मागवून वाचावा आणि लगेच निष्कर्ष काढू नये. रूढीने घटस्फोट मान्य असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय हिंदू विवाह अशा नोटरी केलेल्या कागदाने संपत नाही. त्या कागदात "पोटगीचा हक्क सोडला" असे एक वाक्य बहुधा घुसडलेले असते. सही कोणाच्या दबावाखाली, कोठे आणि कोणासमोर झाली, हे तिच्याकडून सविस्तर लिहून घ्यावे.

नांदायचे आहे का

हा आपल्याकडचा प्रश्न आहे आणि तो सरळ विचारावा. पण त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते असे मानू नये. कित्येकींना नांदायचे असते पण मार नको असतो. त्यांच्यासाठी कलम १८ चा संरक्षण आदेश आहे. कित्येकींना नांदायचे नसते पण घर सोडायचे नसते. त्यांच्यासाठी कलम १९ चा निवासाचा आदेश आहे, आणि घरात राहणे अशक्य असेल तर दुसऱ्या जागेचे भाडे मागता येते. पैसा कलम २० खाली, मुलाचा तात्पुरता ताबा २१ खाली, भरपाई २२ खाली, आणि दागिने व स्त्रीधन परत मिळण्याचा आदेश १९ खालीच. शिलाई मशीनही तेथेच मागितली. घटस्फोट मात्र या कायद्याने मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर दोन वर्षांनी "मग एवढे दिवस काय केले?" असे ती विचारते आणि ते योग्यच असते.

फौजदारी तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा असावा. परिणाम मात्र आपण सांगावेत. अटक झाली की समेटाची वाट बहुधा बंद होते, आणि गंभीर मारहाणीत तक्रार टाळली की पुढच्या वेळी पोलीस "पूर्वी काहीच नोंद नाही" म्हणतात. सामनेवाल्यांची यादी करताना हात आखडता घ्यावा. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर सासू, नणंद यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो हे खरे. पण पुण्याला राहणारी आणि वर्षातून एकदा गणपतीला येणारी नणंद केवळ रागापोटी यादीत घातली, तर संपूर्ण अर्जाची विश्वासार्हता जाते. नातेवाइकांवरील मोघम आरोपांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्येही खडसावले आहे. ज्याचे नाव घालायचे, त्याने काय केले, कधी आणि कोणासमोर, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

यापूर्वी कोठे पोटगीचा किंवा अन्य अर्ज केला आहे का, हेही येथेच विचारून घ्यावे. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार आधीचे आदेश उघड करणे बंधनकारक आहे आणि दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

पैसा कोठे आहे

"नवरा काय करतो?" "काही नाही, घरीच असतो." या संवादावर थांबलेले मूल्यमापन अपुरे आहे. आपल्या जिल्ह्यातील कुटुंबाचे उत्पन्न एका पगारपत्रकात मावत नाही. ऊस सासऱ्याच्या नावावर कारखान्याला जातो, त्याचे बिल त्यांच्याच खात्यावर येते, दुधाचे बिल संस्थेतून दर दहा दिवसांनी मिळते, आणि ट्रॅक्टर चुलत्याच्या नावावर असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कायम कामगार असेल तर पगाराची स्लिप आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद सापडते. पण इचलकरंजीच्या यंत्रमागावर आठवड्याचा पगार रोख मिळतो आणि हुपरीत चांदीचे काम घरातच चालते, तेथे मालकाचे किंवा व्यापाऱ्याचे नाव तिलाच विचारावे लागते. सातबारा आणि आठ-अ चे उतारे ऑनलाइन निघतात, ते पहिल्या आठवड्यातच काढावेत. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचे नाव उताऱ्यावर नसले तरी त्याचा हिस्सा असतो, हा मुद्दा प्रतिज्ञापत्रात आणावा.

करवीर तालुक्यातील एका सुनेने मला प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद दाखवले. आधार कार्ड, लग्नपत्रिका, मुलाचा बोनाफाईड, आणि तळाशी दुधाचे एक जुने पुस्तक. ते तिने चुकून आणले होते. सकाळ-संध्याकाळचे लिटर आणि फॅट, सगळे तिच्या हस्ताक्षरात, तीन वर्षांचे. सभासद सासरे होते, पण चार म्हशींची धार काढणारी आणि दूध घालायला जाणारी ती होती. "ती सासरी राहिलीच नाही, लग्नानंतर दोन महिन्यांत निघून गेली" असे म्हणणे समोरून आले, तेव्हा त्या पुस्तकाने तिचे राहणे, तिचे कष्ट आणि घराचे उत्पन्न, तिन्ही एकदम दाखवले. तेव्हापासून मी प्रत्येकीला पिशवी पूर्ण रिकामी करायला सांगते.

बाकीचा पुरावा

सी.पी.आर. (कोल्हापुरातील सरकारी रुग्णालय) किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर पुष्कळदा "पाय घसरून पडल्याने" असे लिहिलेले आढळते, कारण सोबत नवराच असतो. तो कागद लपवू नये. तो का तसा आहे, हे अर्जातच लिहावे, म्हणजे उलटतपासात तो आपल्यावर उगारला जात नाही. पोलिसांकडील अदखलपात्र नोंदीच्या प्रती मिळवाव्यात. दागिन्यांसाठी गुजरीतील सराफांच्या पावत्या, नसल्यास लग्नाचे फोटो. लग्नाआधी केलेली देण्याघेण्याची याद असेल तर तीही, आणि तिच्यामुळे हुंडा दिल्याचा आरोप आपल्यावरच येईल या भीतीने ती कोणी फाडू नये, कारण हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ प्रमाणे पीडितेच्या स्वतःच्या निवेदनावरून तिच्यावर खटला चालवता येत नाही. फोनमधील ध्वनिफिती व छायाचित्रे मूळ फोनमध्येच राहू द्यावीत. ती सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

पुरावा तुटपुंजा आहे म्हणून प्रकरण नाकारण्याची घाई करू नये. बंद दाराआडच्या गोष्टीला साक्षीदार नसणे स्वाभाविक आहे, आणि तिची सुसंगत, तपशीलवार साक्ष हाही पुरावाच असतो.

स्वीकारणे आणि नाकारणे

वेळेचा अंदाज खरा सांगावा. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात नोटीस बजावणीतच महिने जातात. अंतरिम आदेश हाच तिच्या दृष्टीने पहिला खरा टप्पा असतो. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील होते, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्याने पुढच्या टप्प्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, हे फीविषयी बोलण्याआधी सांगावे. प्राधिकरणामार्फत आलेल्या प्रकरणात तिच्याकडून एक रुपयाही घेऊ नये, झेरॉक्सच्या नावाखालीही नाही.

आपल्याला वेळ नसेल, लैंगिक हिंसेचे किंवा परदेशातील नवऱ्याचे प्रकरण पेलणार नसेल, तर त्याच दिवशी नकार द्यावा. "बघू, कागद ठेवून जा" हा सर्वांत घातक नकार आहे, कारण ती त्याला होकार समजते आणि महिनाभर वाट पाहते. मूळ कागद परत करावेत, चालू असलेल्या मुदती सांगाव्यात आणि पुढे कोणाकडे जायचे ते ठरवून तेथे आपण स्वतः फोन करावा.

स्वीकारले, तर ती उठण्यापूर्वी एक गोष्ट विचारावी: आज ती घरी काय कारण सांगून आली आहे? गगनबावड्याकडून किंवा शाहूवाडीतून आलेली बाई सी.पी.आर.मध्ये मुलाला दाखवण्याचे निमित्त करून आलेली असते, आणि दिवस मावळायच्या आत तिला घरी पोहोचायचे असते. पुढची भेट त्याच निमित्तात बसेल अशा दिवशी, परतीची एस.टी. चुकणार नाही अशा वेळेला ठेवावी, आणि तिच्या पिशवीत आपला एकही कागद जाऊ देऊ नये.